बिनकानाची मेंढी

तुरीन, १२ फेब्रुवारी १९७९

श्रीमती तोमासा मेरेउ यांना,

तुम्ही मला ओळखत नाही. पाकिटावरचा तुरुंगाचा शिक्का पाहून तुमच्या छातीत धस्स झालं असेल, त्याबद्दल आधीच माफी मागते. मी इथल्या तुरुंगात मानसशास्त्रज्ञ आहे. नवा कायदा आल्यापासून लांब शिक्षेच्या कैद्याशी आमच्यापैकी कुणीतरी बोलायचं, त्यानं गुन्हा का केला हे समजून घ्यायचं आणि न्यायाधीशांना कळवायचं, अशी पद्धत पडली आहे. लुस्सोरिओ देड्डोरीचं प्रकरण माझ्याकडे आलं आहे. ज्यानं लावलेल्या आगीत तुमचे पती बोबोरे गेले, तोच हा.

त्याच्या वकिलानं अर्ज केला आहे की, उरलेली शिक्षा त्याला गावात राहून, मेंढ्या राखत, रोज पोलीस ठाण्यावर हजेरी देत भोगू द्यावी. जूनमध्ये सुनावणी आहे. मी वाईट लिहिलं तर तो म्हातारा होईपर्यंत इथेच राहील. चांगलं लिहिलं तर तो तुम्हाला देवळाच्या वाटेवर रोज दिसेल. म्हणून तुम्हाला न कळवता लिहिणं मला बरं वाटेना.

अडचण अशी की हा माणूस बोलत नाही. हो, नाही, आभारी आहे, यापलीकडे नाही. शेवटी मी त्याला आमच्या नेहमीच्या चाचणीतला कागद, खोडरबर आणि पेन्सिल दिली आणि तुझं घर, तुझी माणसं काढ म्हटलं. त्यानं माणूस एकही काढला नाही. मेंढ्या काढल्या. तो काढत असताना मी पाहत होते आणि खरं सांगते, टिपणं घ्यायची विसरले. इतकी वर्षं भिंतीआड काढलेल्या माणसाच्या बोटांतून वीसेक मेंढ्या अशा उतरल्या, जणू त्या दाराबाहेर उभ्या होत्या. पण प्रत्येकीचे कान कापलेले. कुठे टोक छाटलेलं, कुठे खाच, कुठे भोक, आणि कुठलेही दोन सारखे नाहीत. एका कोपऱ्यातल्या मेंढीला तर कानच नाहीत.

आमच्या पुस्तकांत अशा कापाकापीचा अर्थ मनात दाबलेला राग असा दिला आहे. तो मान्य करण्याआधी त्याला लहानपणापासून पाहिलेल्या कुणाला तरी विचारावं असं वाटलं. चित्राची नक्कल सोबत पाठवते. तो कसा मुलगा होता? उत्तर द्यायलाच हवं असं मुळीच नाही. पत्र चुलीत घातलंत तरी मी समजेन.

आपली,
ओत्ताविया रेबाउदो


सोलोर्गा, ३ मार्च

डॉक्टरीणबाई,

चुलीतच घालणार होते. पण माझ्या चुलीत कागद जळत नाही, धूर होतो. म्हणून लिहिते. अक्षर लागेल तसं वाचा, मी शाळा तीनच यत्ता शिकले आहे.

तुमच्याआधी एक आला होता. मी जन्मायच्या आधीची गोष्ट, आजोबा सांगायचे. तुमच्या तिकडून समुद्र ओलांडून आमच्या बेटावर एक विद्वान आला, लोखंडी चिमटा घेऊन, आणि त्यानं गावातल्या पुरुषांची डोकी मोजली. म्हणाला, या डोंगरातल्या माणसाची कवटीच चोराची आहे, जन्मतःच. आजोबांनी डोकं मोजून घेतलं, वर त्याला दुप्पट भावानं चीज विकलं. नंतर म्हणाले, त्याचं तरी काय चुकलं? आता तुम्ही कवटी सोडून आतलं मोजता. बरं आहे, चिमटा टोचत तरी नाही.

कसा मुलगा होता म्हणता. नवव्या वर्षी आमच्याकडे राखणीला आला. त्याच्या बापाकडे मेंढ्या नव्हत्या, पोरं होती. माझ्या हातची भाकरी खाऊन वाढला. ती आमची कागदासारखी पातळ भाकरी तो खाताना आवाज करायचा नाही, एवढंच मला वेगळं आठवतं. कडकडीत भाकरी बिनआवाजाची कशी खातो, म्हणून बोबोरे त्याची चेष्टा करायचा. मोठा झाला, आमच्यातून निघाला, स्वतःचं करू लागला. आणि एका रात्री वर कुरणातल्या आमच्या झोपडीला त्यानं काडी लावली. आत बोबोरे झोपला होता. सकाळी मला तिथे जाऊ दिलं नाही. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

आता चित्र. त्यासाठी पुस्तक नको, मी सांगते. कान कापणं म्हणजे राग नव्हे बाई, ते नाव आहे. आमच्याकडे प्रत्येक घराची कानाची खूण वेगळी असते आणि ती बापाकडून मुलाकडे जाते. मेंढी बोलत नाही, तिचा कान सांगतो ती कुणाची. ज्या कळपात प्रत्येक कान वेगळा, तो कळप चोराचा. घराघरातून उचललेला. आणि चोराला खूण मिटवायची असली की तो सगळा कानच उडवतो. म्हणजे ती बिनकानाची कुणाची असेल ते मला विचारू नका, मला माहीत आहे. तो तुम्हाला आपली कमाई दाखवतोय. मिळालं ना उत्तर? लिहून टाका.

तोमासा मेरेउ

इथे मला सगळे तोमासाकाकू म्हणतात. श्रीमती म्हटलं की मला वाटतं मागे कुणी उभं आहे.


तुरीन, २० मार्च

तोमासाकाकू,

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही, हसाल. तुम्ही दोन ओळींत मला एक अख्खं जग उघडून दिलंत. कान म्हणजे नाव. मी त्याला राग समजत बसले होते.

आणि तुमच्याच पत्रातल्या एका शब्दात मला हवी असलेली किल्ली सापडली. नवव्या वर्षी. खटल्याच्या कागदांत आहे की त्याची आई तो दहा वर्षांचा असताना गेली, हिवाळ्यात. म्हणजे ती गावात मरत होती तेव्हा तो डोंगरावर दुसऱ्याच्या मेंढ्यांमागे होता. काकू, आमच्या शास्त्रात यावर फार खोल काम झालं आहे. कोवळ्या वयात आईपासून तोडलेल्या मुलाच्या आत काहीतरी गोठून जातं. पुढे ते चोरीतून, जाळपोळीतून बाहेर पडतं, आणि बहुधा त्याच घरावर पडतं ज्यानं त्याला तोडलं. लुस्सोरिओनं बोबोरेंची झोपडी जाळली नाही, आपली डोंगरावरची वर्षं जाळली. हे लक्षात आलं त्या संध्याकाळी मी खिडकीशी नुसती बसून राहिले. माणसाच्या मनात इतक्या वर्षांची वाट जमिनीखालून कशी चालत येते, याचं भय वाटलं आणि कौतुकही.

अहवाल याच धर्तीवर लिहायला घेतला आहे. यात तो दैत्य उरत नाही, एक दुखावलेलं मूल उरतं. मला वाटतं तुम्हालाही यानं थोडी शांतता मिळेल.

तुमची,
ओत्ताविया


सोलोर्गा, ९ एप्रिल

डॉक्टरीणबाई,

म्हणजे बोबोरेनंच आग लावली म्हणायची. नवऱ्यानं पोराला कामावर ठेवलं, मी भाकरी घातली, आणि त्याचं फळ आम्हाला मिळालं. तुम्ही किती गोड लिहिलंत ते. मी दोनदा वाचलं तेव्हा कळलं की तुम्ही माझ्या मेलेल्या माणसाला पिंजऱ्यात उभं केलं आहे.

आमच्याकडे गरिबाची सगळीच पोरं नवव्या वर्षी डोंगर चढायची. माझा भाऊ चढला. तो आता पोस्टात आहे, तुमची पत्रं तोच आणून देतो. त्यानं आजवर कुणाची काडीही उचललेली नाही, लावणं तर दूरच. तो का नाही गोठला?

आणि एक लिहा, लिहायचंच असेल तर. त्याची आई शेवटची घटका मोजत होती तेव्हा बर्फ घोड्याच्या पोटापर्यंत होतं. बोबोरे त्याला आपल्या घोंगडीत गुंडाळून, पुढ्यात बसवून खाली घेऊन आला. रात्रभर. बोबोरेच्या पायाची दोन बोटं त्या रात्री गेली. आईनं पोराचं तोंड बघितलं, मग डोळे मिटले. मीच तिला आंघोळ घातली. हे कुठल्या खात्यात जातं तुमच्या शास्त्रात?

मला शांतता नको. यापुढे लिहू नका.

तोमासा मेरेउ


तुरीन, ६ मे

तोमासाकाकू,

लिहू नका म्हणालात आणि मी लिहिते आहे. हे शेवटचं, उत्तर नको. पण जे झालं ते तुमचं आहे. ते माझ्याकडे ठेवून घ्यायचा मला अधिकार नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी अर्धा अहवाल बाजूला ठेवला आणि जे आधीच करायला हवं होतं ते केलं. माझी ती किल्ली लुस्सोरिओला वाचून दाखवली. आई, हिवाळा, डोंगर, गोठलेलं मूल, सगळं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि हसला. पहिल्यांदाच. चेष्टेनं नव्हे, लहान मुलाची चूक बघून मोठा माणूस हसतो तसा.

म्हणाला, "बाई, त्या कुरणात आम्ही एकाच वयाची किती पोरं होतो. सगळ्यांच्या आया खाली होत्या. बाकीच्यांनी काडी का नाही लावली?"

मी म्हटलं, तेच तर मला समजून घ्यायचं आहे.

"मालकानं मला आईपासून तोडलं नाही. आईकडे नेलं. त्यांच्या पायाच्या बोटांचं काकूंना विचारा."

मी म्हटलं, मला माहीत आहे, काकूंनी लिहिलं आहे. तुम्ही ते लिहाल असं त्याला वाटलं नव्हतं. मग इतक्या महिन्यांत जे आलं नाही ते एकदम आलं. मी त्याच्याच शब्दांत देते, माझा एक शब्द घालत नाही.

"लोकर कातरायच्या दिवशी सगळ्या गावासमोर मालक म्हणाले की लुस्सोरिओनं माझी मेंढी उचलली. वकील म्हणाला, कोर्टात सांग की खोटा आळ होता, अब्रू गेली, शिक्षा कमी होईल. मी नाही सांगितलं. कारण उचलली होती. ते खरं बोलत होते. खोटं बोलले असते तर मी सोडून दिलं असतं. खरं होतं आणि चारचौघांत होतं, ते मला गिळवेना. घोडा बाहेर दिसला नाही म्हणून झोपडी रिकामी समजलो. घोडा नालबंदाकडे होता. एवढीच गोष्ट. काडी या हातात होती बाई. आईच्या नाही, बापाच्या नाही, डोंगराच्या नाही. तुम्ही हा हात कुणाकुणाला वाटून देता. मला माझा राहू द्या. माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही."

काकू, मी या कामात सात वर्षं आहे. आपण का केलं याची कारणं देणारी माणसं मी रोज ऐकते, आणि कारणं शोधून देणं हा माझा धंदाच आहे. दिलेलं कारण कुणी असं परत केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सुटकेची वाट त्याच कारणातून जात होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं ते टेबलावरून माझ्याकडे सरकवलं, जास्तीचे पैसे परत करावेत तसं. मी त्याच्यासमोर तशीच बसून राहिले. देवळात मी कधी अशी बसले नाही.

मग मी चित्र पुढे ठेवलं आणि विचारलं, हा चोरीचा कळप का? तुम्ही लिहिलं होतं ते सांगितलं. तो दचकला. म्हणाला, काकूंना असं वाटणारच. पण हा पारादुराचा कळप आहे.

हा शब्द मी तुम्हाला काय समजावणार. त्यानं मला समजावला. ज्याचा कळप गेला, आगीत, रोगात, बर्फात, किंवा जो तुरुंगातून रिकाम्या हातानं परत आला, त्याला गावातलं प्रत्येक घर एक मेंढी देतं आणि त्याचा पुन्हा कळप उभा राहतो. मागायचं नाही, कुणी दिली तर घ्यायची. तो रात्री झोप लागेना की गावातून एका टोकापासून निघतो, दारं मोजतो, कुठलं घर देईल ते ठरवतो आणि त्या घराचा कान आठवतो. मी त्याला घर काढ, माणसं काढ म्हटलं होतं. त्यानं अगदी तेच काढलं होतं.

आणि कोपऱ्यातली बिनकानाची? मी मूळ कागद दिव्यासमोर धरला. त्या डोक्यापाशी तो इतका घासला गेला आहे की पलीकडचं दिसतं. म्हणजे तिथे कान होते; त्या दिवशी त्याला खोडताना मी पाहिलं होतं, पण नुसती चूक सुधारतोय समजले. काढले आणि खोडले, पुन्हा काढले आणि पुन्हा खोडले. मी विचारलं, ही कुणाची?

म्हणाला, "ती खूण मी झोपेतही काढीन. सगळं लहानपण त्या कानांकडे बघत काढलंय. हात आपोआप काढतो. पण त्या घरातून मेंढी येईल असं चित्रातसुद्धा धरायचा मला हक्क नाही. म्हणून खोडली. मेंढी मात्र खोडवेना."

अहवाल काल पाठवला. त्यात लिहिलं आहे की या माणसानं गुन्हा का केला ते मला माहीत नाही, पण आपणच केला हे त्याला जितकं माहीत आहे तितकं मी कुठल्याही कैद्यात पाहिलं नाही. वरिष्ठ म्हणाले, हे शास्त्र नव्हे. त्यांचं बरोबर असेल. न्यायाधीश काय करतील ते मला सांगता येत नाही. शेवटी ते गावाला विचारतात, ठाण्याला विचारतात, तुम्हालाही विचारतील. तुम्ही नको म्हणालात तर बहुतेक नकोच होईल, आणि ते म्हणायचा तुम्हाला पुरेपूर अधिकार आहे. मी काही मागत नाही.

बोबोरेंना पिंजऱ्यात उभं केलं, त्याबद्दल माफ करा.

ओत्ताविया


सोलोर्गा, २ जून

पोरी,

भावाला ठाण्यावर बोलावलं होतं, मग मला. हवालदारानं खुर्ची दिली आणि विचारलं, तोमासाकाकू, देड्डोरी परत आला तर तुमची हरकत आहे का? मी म्हटलं, उद्या सांगते. घरी आले आणि तू पाठवलेली नक्कल काढली. फाडली नव्हती. कुठे ठेवली होती ते विचारू नकोस.

भाकरीच्या पाटावर ती पसरली आणि कान वाचत बसले. बाकिसिओचा, दोन खाचा. पाद्रीबुवांच्या बहिणीचा. खालच्या आळीतल्या त्या भांडकुदळ लेद्दांचा, त्यांच्याशी तर याच्या बापाचं हाडवैर होतं, तरी त्यानं ते धरलेत. आणि बरोबर धरलेत, ते देतील. एक कान चटकन ओळखेना, मग आठवलं, नानेड्डूचा. तो मरून गेला. त्याचा मुलगा तुमच्याच तिकडे मोटारींच्या कारखान्यात आहे, घराला कुलूप. अशी किती कुलपं आहेत त्या चित्रात. लुस्सोरिओला कळवलं नाही कुणी. तो तिथे बसून मेलेल्यांच्या दारांवरून फिरतो आणि सगळी दारं त्याला उघडी दिसतात.

मग एकदम लक्षात आलं. त्या आगीत आमचा कळपही गेला होता, आणि आठव्या दिवशी हाच कळप माझ्या अंगणात उभा होता. सगळं गाव एकेक मेंढी घेऊन आलं होतं. कुणी बोललं नाही. दोर सोडला आणि निघून गेले. मी काळ्या शालीतून पाहत होते तर अंगणभर कान, आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. त्या मेंढ्यांवर मी आजवर जगले. आणि तूच पाठवलेल्या कागदावर तेच कान पाहून मला चोर दिसला. डोळ्यांसमोर असून दिसलं नाही, पोरी. दिसायला नको होतं मला.

तुझ्यावर रागावले होते. अजून थोडी आहे. पण तू त्याच्यासमोर जाऊन वाचून दाखवलंस, आणि जे ऐकलंस ते गाळलं नाहीस. ती मेंढी त्यानंच उचलली होती याची मला आता खात्री झाली; आधी लिहिलं तो नुसता माझा राग होता. बोबोरेला मरेपर्यंत चुटपुट होती की पोरावर उगाच बोललो का. मला रात्री म्हणायचा, काहीतरी खाऊन टाकतंय मला. आज त्याच्या कबरीवर गेले आणि सांगितलं, तू खरं बोलला होतास. एवढं मी त्याला दुसऱ्या कुणाकडूनही आणून देऊ शकले नसते. ते त्याच्याच मारेकऱ्यानं पाठवलं. देवाच्या मनात काय असतं ते मला कळत नाही, आणि आज पहिल्यांदा ते कळत नाही याचा मला राग आला नाही. गुडघ्यावर बसले होते, उठवेना.

आता ऐक. मी माफ केलं असं कुठे लिहू नकोस. ते मला जमलेलं नाही आणि जमेल असं वाटत नाही. देवळाच्या वाटेवर तो दिसला तर मी दुसऱ्या बाजूला बघेन. त्यानंही तेच करावं. हवालदाराला मी सांगून आले की माझी हरकत नाही, आणि त्याला कारण विचारू दिलं नाही.

पण ती बिनकानाची मेंढी तशी राहायला नको. आमच्या डोंगरात बिनकानाची फक्त चोराची असते, आणि माझ्या घरानं कधी कुणाला चोरीची मेंढी दिलेली नाही. त्याला पुन्हा कागद दे. सांग, उजव्या कानाचं टोक सरळ छाटलेलं, तिरकं नाही. डाव्या कानाला खालून एक खाच, आणि खाचेच्या वर भोक. बोबोरेच्या पणजोबांपासून आहे.

झोपेतही काढीन म्हणाला ना? मग नीट काढ म्हणावं. आणि खोडरबर काढून घे त्याच्याकडून.

तोमासाकाकू